ते ११ दिवस आणि एक चेक

काल रात्री दोनपर्यंत जागून रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीच्या गायब होण्यावरची अजून एक कादंबरी संपवली आणि परत तोच वैताग. इथेही बाई सूड घ्यायला निघालेल्या, सगळं आधीच ठरवलेलं, नवऱ्याला खुनाच्या संशयात अडकवायचं वगैरे. वाचायला मजा येते, नाही कुठे म्हणतेय, पण पुस्तकात डाव रचणारी बाई घरातही डावच रचणार हे कोणी ठरवलं?

माहीत नसेल तर पटकन सांगते. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री बाई गाडी घेऊन घरातून निघाल्या, सकाळी गाडी मिळाली सरेमधल्या न्यूलँड्स कॉर्नरला, आत फरचा कोट तसाच पडलेला. पोलीस, गावकरी, विमानं सगळे शोधतायत आणि शेरलॉक होम्सवाले लेखक कॉनन डॉयल काय करतात, तर बाईंचा हातमोजा घेऊन एका अतींद्रिय शक्तीवाल्याकडे जातात! (होम्सने कपाळावर हात मारला असता.) १४ तारखेला बाई सापडल्या हॅरोगेटच्या हॉटेलात, रजिस्टरमध्ये नाव मिसेस नील, राहणार केपटाऊन. आणि नील हे नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव.

झालं, सगळे लेखक ह्या आडनावावर तुटून पडतात, बघा बघा सूड. पण बाईंच्या आत्मचरित्रात त्या ११ दिवसांबद्दल अवाक्षर नसलं तरी त्याच वर्षातली एक बारकी गोष्ट आहे, ती कोणी घेतच नाही. एप्रिलमध्ये आई गेली होती, नवरा लंडनला, आणि ह्या टॉर्कीला आईचं गळकं जुनं घर उपसत बसलेल्या, दिवसचे दिवस नुसतं आवरणं आणि रडणं. एकदा चेकवर सही करायला पेन उचललं तर स्वतःचं नावच आठवेना. शेवटी डोक्यात आलं ते ब्लँश अमोरी, थॅकरेच्या 'पेंडेनिस' कादंबरीतलं पात्र! नंतर ऑगस्टमध्ये नवरा आला तो दुसरी आवडते, घटस्फोट दे म्हणत.

म्हणजे हॅरोगेटच्या कितीतरी आधी सही करताना दुसरंच नाव आलेलं होतं. आता नील लिहिताना बाईंना सगळं कळत होतं का, असेलही बाबा, माणूस एकाच वेळी खचलेला आणि रागावलेला असू शकतोच की. पण मग ते लिहा ना! कादंबरी गाडीपासून सुरू न करता त्या चेकपासून करा, मी पहिल्या दिवशी विकत घेईन. फक्त प्लीज, त्यात खून नको.