‘दुसऱ्याचं हाड शरीर नाकारतं’ म्हणे!

ग्रुपाग्रुपांत फिरणारा हा मेसेज शेवटी जालन्याच्या मामींपर्यंत पोचला आणि त्यांनी ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकललं. मेसेज सांगतो: खुब्याच्या रिव्हिजनमध्ये, म्हणजे आधी बसवलेला कृत्रिम सांधा बदलताना, झिजलेल्या हाडाच्या पोकळीत भरलेलं दुसऱ्याचं हाड शरीर नाकारतं, एक्स-रेत दांडा (कृत्रिम सांध्याचा मांडीच्या हाडात बसणारा भाग) खाली सरकला की सांधा गेला, म्हणून तिसऱ्या दिवशीच काठी फेका, पूर्ण भार द्या, कांडवेलीचा रस घ्या.

नाकारण्याची भीती किडनीची, ती इथे आणून चिकटवलीय. हे हाड म्हणजे दुसऱ्या रुग्णाच्या खुब्याचा सांधा पहिल्यांदा बदलताना निघालेला हाडाचा गोळा. एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस तपासून उणे 80 अंशांना गोठवलेला. त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागत नाहीत. जंतुसंसर्गाचा धोका असतो, तेवढं खरं. नेदरलँड्सच्या नायमेखेनमधल्या डॉक्टरांनी अशा हाडाचे तुकडे ठोकून त्यावर बसवलेल्या 62 रिव्हिजन कपांचा (कप म्हणजे कृत्रिम सांध्याची कमरेच्या हाडातली वाटी) 20 ते 25 वर्षं पाठपुरावा केला. कप सैल झाला म्हणून बदलावा लागला नाही, असं प्रमाण 20 वर्षांनी 87 टक्के. सगळी कारणं धरली तर 75.

दांडा सरकण्याचे प्रकार दोन. गुळगुळीत, निमुळता दांडा त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाच्या सिमेंटच्या आत एक-दोन मिलिमीटर उतरून घट्ट बसतो. तो बनवलाच तसा असतो. दांडा सिमेंटसकट भरलेल्या हाडात धसत गेला, तर मात्र काळजी.

आणि नेमकं तेच घडवणारा सल्ला म्हणजे ‘काठी फेका’! कपामागे साधारण 7 ते 10 मिलिमीटरचे तुकडे चरबी धुऊन थरांनी ठोकतात. फार बारीक भुगा झाला तर पकड येत नाही. सुरुवातीला सांधा निव्वळ या ठोकण्यावर उभा असतो. रक्तवाहिन्या आत शिरून नवं हाड धरायला महिने लागतात. तोवर पूर्ण भार पडला तर तुकडे दबतात, कप कलतो, नाहीतर पातळ झालेलं मांडीचं हाड दांड्याच्या टोकाशी मोडतं. म्हणून वॉकर आणि मोजका भार, बहुधा 6 ते 12 आठवडे. नेमकं किती ते सर्जनच सांगेल, कारण पोकळी त्याने पाहिलेली असते. भाराने हाड घट्ट होतं हे अर्धसत्य आहे: अजिबात भार नसणंही वाईटच, पण वाढवायचा तो टप्प्याटप्प्याने.

कांडवेलीच्या रसाने कपामागची पोकळी भरत नाही, विषय संपला. तेल लावून पाय ओढणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. पिळला की सांधा निखळतो. खोलगट बाजही नको, गुडघा खुब्याच्या वर जातो. मांडीत अचानक कळ आली किंवा पाय आखूड वाटला, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.