गेटवरची पाटी : वय १८ ते २८

परवा संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर पाटी दिसली. डाय फिटर (पत्रा कापायचे साचे जुळवणारे, दुरुस्त करणारे) पाहिजेत, अनुभव किमान १० वर्षं, वय १८ ते २८. गाडी बाजूला लावून मी ती दोनदा वाचली. दहावी १६ व्या वर्षी, आयटीआयची २ वर्षं, अप्रेंटिसचं १ वर्ष, म्हणजे पोरगा १९ चा. त्यावर १० वर्षं अनुभव धरला तर २९. पाटी लिहिणाऱ्यानं एवढी बेरीजसुद्धा केली नव्हती.

तरी आत गेलो. माझं वय ४७, त्यातली २२ वर्षं एकाच टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या-दुरुस्तीच्या खात्यात गेली. कंपनीनं टूलरूम बंद करून डाय बाहेरून करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून घरी आहे. एचआरच्या साहेबांनी आधार कार्ड बघितलं आणि म्हणाले, "काका, तुमचं वय बसत नाही." काका म्हटल्याचं वाईट वाटलं नाही, आपल्याकडं तसंच बोलतात. शॉपवरची पोरं मला मामाच म्हणायची. पण त्या केबिनमध्ये 'काका' म्हणजे 'निघा' होतं. ड्रॉइंग दाखवलं नाही, हातात माप घ्यायचा व्हर्नियर दिला नाही.

डाय फिटर काय करतो ते सांगतो. २ मिमी पत्र्यातून पीस कापून काढायची ब्लँकिंग डाय असली की कापणारा पंच आणि तो ज्यात उतरतो त्या डायमध्ये एका बाजूला साधारण ०.१ मिमी मोकळीक असते. पीस निघाला की आम्ही आधी कडेवरून नख फिरवतो. सगळीकडून सारखी बर, म्हणजे कापताना कडेला उठलेली खरखरीत किनार, लागली तर धार गेली, ग्राइंडिंगला पाठवायचं. एकाच बाजूला लागली तर धार ठीक आहे, पंच सरकलाय. तिथं ग्राइंडिंग केलं तर बर तशीच राहते आणि डायचं आयुष्य तेवढं उगाच घासून जातं. नवीन पोरगा आधी ग्राइंडिंगलाच पळतो. मीही पळायचो. माझ्या उस्तादानं माझा अंगठा धरून त्या कडेवरून फिरवला, तेव्हा मला फरक कळला.

"वय झालं की नवीन शिकता येत नाही," हे मी फार वेळा ऐकलंय. माझ्या पिढीनं हॅक्सॉ आणि कानसीपासून सुरुवात केली, मग तारेनं धातू कापणारं वायरकट आलं, कॉम्प्युटरवर चालणारी व्हीएमसी मशीन आली. आम्हीच ती चालवायला शिकलो, बरेचदा सेकंड शिफ्ट संपल्यावर थांबून. चष्मा लागलाय, खरंय. पण मायक्रॉन कुणी डोळ्यानं मोजत नाही, मायक्रोमीटरनं मोजतात.

माझ्या मते खरं कारण पैशाचं आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, प्रशिक्षणार्थी धरला जातो. त्याला स्टायपेंड दिला की भागतं. ठेकेदाराकडच्या पोराला काही महिन्यांनी ब्रेक देता येतो. ४७ वर्षांचा माणूस पगाराचं बोलतो, पीएफची स्लिप मागतो. बीड-परभणी-हिंगोलीहून येऊन रांजणगावात एका खोलीत पाच-पाच जण राहणाऱ्या त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांनाही कुणी कायम करत नाही.

राग ह्याचा येतो की दाद मागायला जागा नाही. संविधानाच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय. त्या यादीत वय नाही, आणि खाजगी कंपनीला तर तेही कलम लागत नाही. अमेरिकेत १९६७ पासून ४० च्या पुढच्यांसाठी वेगळा कायदा आहे. आपल्या राज्य सरकारनं २०१६ मध्ये भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ केली. एमआयडीसीतल्या गेटवर मात्र २८.

आणि पीएफची पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. मला अजून ११ वर्षं काढायची आहेत. "गावाकडं जा, शेती करा" म्हणणाऱ्यांना सांगतो, गेवराईकडं भावकीत वाटणी होऊन माझ्या वाट्याला दीड एकर कोरडवाहू आलंय. पोरगी यंदा बारावीला आहे.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातले छोटे कारखानदार आणि एचआरवाले या पोस्टवर असतील तर हात जोडून विनंती आहे. पाटीवरची वयाची ओळ काढा आणि ट्रेड टेस्ट घ्या. बिघडलेली डाय पुढ्यात ठेवा आणि दोन तास द्या. जमलं नाही तर आम्ही चहा पिऊन निघून जाऊ. माझ्या ओळखीत असे चार जण आहेत, दोन डायवाले, एक सरफेस ग्राइंडरवाला, एक मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. सगळे ४२ ते ५१ मधले. कुणाकडं काम असेल तर मेसेज करा, मी चौघांनाही घेऊन येतो.