आपण कुठं अंडी खाल्ली होती?

28 जानेवारी 2025 ला महाराष्ट्र सरकारने शाळेतल्या अंड्यांचे पैसे थांबवले. नोव्हेंबर 2023 मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं होतं, न खाणाऱ्यांना केळं. ज्या शाळेला द्यायचं असेल तिने लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं. ही बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली आणि दोन मिनिटांत दादाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं, उत्तर आलं : "अंडी खाऊन कुणी हुशार होत नसतं. बुद्धी रक्तात असावी लागते. आपण कुठं अंडी खाल्ली होती?" खाली सहा अंगठे.

त्या आठवड्यात मी आजारी धाकट्यासाठी व्हाबवर, म्हणजे मूल आजारी असताना मिळणाऱ्या स्वीडनमधल्या रजेवर होते, त्यामुळे फोन हातात होता आणि वाद घालायला वेळही होता. पण दादाचं शेवटचं वाक्य वाचून मी गप्प बसले. का, ते पुढे सांगते.

आधी इथलं सांगते. माझी मुलगी स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या एका साध्या शाळेत चौथीत आहे. साडेदहाला तिच्या वर्गाची जेवणाची पाळी येते. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, एरवी मासे, बटाटे, मसूर, दूध, क्नेकेब्रॉड म्हणजे इथली कुरकुरीत कडक भाकरी. मांसाचं भांडं आणि शाकाहारी भांडं शेजारी-शेजारी असतात, ज्याला जे हवं ते तो घेतो. त्या रांगेत सर्जनचा मुलगा आहे आणि रात्री कार्यालयं झाडणाऱ्या बाईचाही आहे. कुणी पैसे देत नाही. दुसऱ्याच्या ताटात काय आहे यावरून पालकसभेत कधी वाद झाल्याचं मी ऐकलं नाही. इथल्या शाळांचेही प्रश्न आहेत, मला ते माहीत आहेत. पण जेवण हा त्यातला नाही.

स्वीडनमध्ये 1959 ते 1969 या काळात शाळेतलं मोफत जेवण एकेका नगरपालिकेत पोचत गेलं. ते सगळीकडे एकदम आलं नाही म्हणून अर्थशास्त्रज्ञांना पुढे तुलना करता आली. शाळेची सगळी वर्षं हे जेवण जेवलेल्या मुलांचं आयुष्यभराचं उत्पन्न सुमारे 3 टक्क्यांनी जास्त निघालं, उंचीही वाढलेली दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा गरीब घरच्या मुलांना झाला. दादाला हे पाठवलं तर तो म्हणाला, "तो श्रीमंत देश आहे."

बरं, मग आपलंच घेऊ. आपल्या मध्यान्ह भोजनाचाही असाच अभ्यास झाला आहे. पाच वर्षं शाळेत शिजवलेलं जेवण मिळालेली मुलं, एक वर्षाहून कमी मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनात 18 टक्क्यांनी आणि गणितात 9 टक्क्यांनी पुढे होती. यात रक्ताचा संबंध कुठे आला? तमिळनाडूत 2013 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात तंगीत असताना, बुद्धिमत्तेची कोडी घातली आणि उसाचे पैसे आल्यावर पुन्हा घातली. माणूस तोच होता, पण पैशांची काळजी मिटल्यावर त्याची उत्तरं सुधारली. त्याच्या रक्तात मधल्या काळात काहीच बदललं नव्हतं.

आणि महाराष्ट्र म्हणजे कुणी भुकेकंगाल राज्य नव्हे, असं आम्ही परदेशातले मराठी लोक इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो. मीही सांगते. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुरटलेली होती. रक्तक्षय असलेली मुलं आधीच्या पाहणीत 53.8 टक्के होती, ती 68.9 टक्क्यांवर गेली. पाच वर्षांच्या आसपास मुलाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एकटा मेंदू घेतो. ताटात कमी पडलं की ते तिथेही कमी पडतं. बेवेसेमध्ये, म्हणजे इथल्या बाल आरोग्य केंद्रात, माझ्या मुलांच्या उंचीचा ठिपका रेघेच्या जरा खाली आला तर नर्स पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवायची, आणि मी रात्रभर जागायचे. तिकडे महाराष्ट्रात तीनात एक मूल त्या रेघेच्या खूप खाली आहे आणि आपण अंगठे दाखवतो.

आठवड्याच्या एका अंड्याने सगळं भरून येतं असं मी म्हणत नाही. खुरटणं बहुतेक शाळेच्या आधीच होतं, आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत. ग्वाटेमालात 1969 ते 1977 या काळात काही गावांतल्या मुलांना प्रथिनांचं पेय दिलं होतं. ज्यांना ते पहिल्या दोन-तीन वर्षांत मिळालं, ती मोठेपणी वाचनात आणि बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होती. म्हणजे अंगणवाडीतल्या ताटाकडे आधी पाहायला हवं. पण आधीचं चुकलं म्हणून नंतरचंही काढून घ्यायचं, हा कुठला न्याय?

आता दादाचं ते वाक्य.

1997 साली मी पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होते. दादाच्या वस्तीवर पुढची शाळा नव्हती म्हणून तो आमच्याकडे राहायचा, तो सातवीत. दोघांचीही शिष्यवृत्ती परीक्षा त्याच वर्षी. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. दिवाळीनंतर आई रोज पहाटे चुलीवर दोन अंडी उकडायची, एक त्याला, एक मला. वर म्हशीचं दूध. मग कंदिलाच्या उजेडात वडील आमच्याकडून सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायचे : आकृत्या, वर्तुळं, गटात न बसणारा शब्द ओळखा. तीन महिने. आम्हा दोघांनाही शिष्यवृत्ती मिळाली. गावाने म्हटलं, गुरुजींच्या घरची पोरं, रक्तातच हुशारी. दादा अंडी विसरला आहे. रक्त त्याच्या लक्षात आहे.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी त्या परीक्षेला नव्हती. तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, दिवाळी झाली की टोळीबरोबर तीही निघायची, पार सांगलीकडे. ती कोपीत राहून धाकट्या भावाला सांभाळायची. पाडव्याच्या पुढे-मागे परत यायची तेव्हा वर्ग पुढे गेलेला असायचा. पण तिच्या आजोबांनी तिच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, पाठ करून घेतली होती. "सात पाऊण?" म्हटलं की मी बोटं मोजायला लागायचे, आणि ती "सव्वापाच" म्हणून मोकळी. शेजारच्या नॉर्वेत सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं, तेव्हा शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे मुलांचा बुद्ध्यांक सरासरी 3.7 गुणांनी वाढला. तिची दर वर्षी पाच महिने शाळा बुडायची. सातवीत ती आलीच नाही. लग्न झालं होतं.

तेव्हा शाळेत जेवण शिजत नव्हतं. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, हजेरी ऐंशी टक्के असेल तर. तिची कधीच नसायची. त्यामुळे जिच्या घरी त्या तांदळाची सगळ्यात जास्त गरज होती, तिला तो मिळाला नाही. तांदूळ मोजून देणारे आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडणारे शिक्षक माझे वडील होते.

हे मी ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग दादा म्हणाला, "तू तिकडं सुखात आहेस. तिथं बसून इथल्या पोरांची काळजी करायला काय जातं?"

मला ते लागलं, कारण ते खरं आहे. सहा वर्षांपूर्वी मी स्वीडिश नागरिकत्व घेतलं. पाथर्डीच्या मतदार यादीत माझं नाव नाही. माझ्या पगारातून या नगरपालिकेला कर जातो, त्यात त्या सर्जनच्या मुलाचं सूपही येतं, आणि मी तो आनंदाने भरते. ज्या राज्याने मला जवळजवळ फुकट शिकवलं, त्या राज्यातल्या एकाही पोराच्या ताटात माझ्या पैशाचं अंडं गेलेलं नाही. इथल्या रांगेचं कौतुक मी गावी गेल्यावर चढ्या आवाजात करते. इथे मात्र कुणी भारतातल्या कुपोषणाबद्दल विचारलं की मी तमिळनाडूच्या अंड्यांचं सांगते, कर्नाटकात आठवड्याला सहा दिवस अंडी देतात ते सांगते, आणि आमच्या राज्याबद्दल बोलायचं टाळते. दोन्हीकडे मी अर्धंच सांगते.

तरी दादाने मला घराबाहेर काढून वाद संपवावा, हे मला मान्य नाही. तो चिंचवडमध्ये आहे, त्याची मुलं डब्यात अंडी नेतात. त्या गावाच्या शाळेपासून तोही तेवढाच लांब गेला आहे.

काल वडिलांना फोन केला. ते आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. तिचं नाव सांगताच त्यांना आठवलं, मला वाटलं होतं त्याहून लवकर. मी तांदळाचं विचारलं.

"नियम होता, बाळा," ते म्हणाले. "वरून तपासणी असायची."

मी काही बोलले नाही. त्यांच्या बाजूने टीव्हीचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला.

"पाऊणकी तिची कधी चुकली नाही," ते म्हणाले. "तुझी चुकायची."