सेल शेवटीच बसवा, जागा नसली तरी

"खाऱ्या पाण्याचा स्विमिंग पूल घेतला की क्लोरीनची कटकट संपली" असं सांगूनच ही सिस्टिम विकली जाते, आणि पुढचा सगळा घोळ या एका वाक्यातून होतो. क्लोरीन कुठेही जात नाही. सेल म्हणजे पाइपात बसणारा डबा; त्यातल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांना वीज मिळाली की पाण्यातल्या मिठापासूनच क्लोरीन तयार होतो. म्हणजे क्लोरीनचा छोटा कारखानाच तुम्ही पाइपात बसवताय. मग तो कुठे बसवायचा हे "इथे जागा मोकळी दिसली" यावर कसं काय ठरतं?

क्रम असा: पूलमधून पाणी पंपात, तिथून फिल्टर, मग हीटर, मग सेल, आणि सेलमधून थेट पूलमध्ये. फिल्टर आधी का, हे सांगायला नको. केस-कचरा पट्ट्यांत अडकला की सेलचं काम बसलंच. खरा प्रश्न हीटरचा. बऱ्याच हीटरच्या आत तांब्याच्या नळ्या असतात. पंप चालू असताना पाणी वाहतं राहतं, पण पंप बंद झाला की सेलमधलं कडक क्लोरीनचं पाणी तिथेच साचतं, हळूहळू मागे हीटरमध्ये सरकतं आणि तांबं खातं. म्हणून सेल हीटरच्या पुढे हवा, आणि दोघांच्या मध्ये एनआरव्हीसुद्धा (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) हवा. "एनआरव्ही टाकलाय ना, मग सेल कुठेही चालेल" हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. सेल हीटरच्या आधी असेल तर पंप चालू असताना त्याचं सगळं पाणी हीटरमधूनच जाणार, तिथे एनआरव्ही काय करणार?

तसं पाहिलं तर मीठ फार नसतं हो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम, तर बहुतेक सेलना 3 ते 4 ग्रॅम पुरतं. हीटर खराब झाला की सगळे मिठाच्या नावाने बोटं मोडतात. पाइपांचा क्रम कोणी बघत नाही.

आता फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का हे बघून सेल चालू-बंद करणारा स्विच. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो. पाणी थांबलं आणि सेल चालूच राहिला तर तो वायू आत कोंडतो, आणि सेल फुटूही शकतो. त्यामुळे नुसत्या फ्लो स्विचवर विसंबू नका; पंप बंद झाला की सेलची वीजही गेलीच पाहिजे, असं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. स्विचच्या आधी साधारण 30 सेंटिमीटर सरळ पाइप सोडायचा. एल्बोला (पाइपाच्या वळणाला) चिकटून स्विच बसवला की पाणी घुसळतं, पॅनेलवर सारखं "फ्लो नाही" येतं, आणि लोक धडधाकट सेल बदलून बसतात!

पूलला जोडून स्पा असेल तर दोन्हीकडे पाणी वाटणारा व्हॉल्व्ह सेलच्या पुढे घ्या, नाहीतर एकाच बाजूला क्लोरीन जाईल. क्लोरीनच्या गोळ्या पाण्यात सोडणारा फीडर ठेवणार असाल तर तोही हीटरच्या आधी नको. त्या गोळ्या चांगल्याच आम्लधर्मी असतात.

आणि सेलच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून उघडता येणारे जोड, मागून घ्या. अशा पूलमध्ये पीएच वर सरकत राहतो, पट्ट्यांवर पांढरा क्षार बसतो, आणि तो काढायला सेल बाहेर घ्यावाच लागतो. सोल्युशन लावून कायमचा चिकटवलेला सेल काढायचा म्हणजे पाइपच कापायचा.