पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी, म्हणून मदरबोर्ड गेला?

नवा पीसी घरी जोडणाऱ्या कोल्हापुरातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात पाच नियम आहेत. पंखे फिरूनही स्क्रीन काळी राहिली तर मदरबोर्ड गेला. एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा; त्याच्या कनेक्टरमधल्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडल्यावर पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला. सुरू होताना बीप वाजला नाही तर प्रोसेसर मेला. रॅम खोडरबरने घासा. आणि कॅबिनेटला झटका बसत असेल तर आत शॉर्ट आहे, सगळं खोला. यातला एकही नियम नव्या मशीनला जसाच्या तसा लागू पडत नाही. पहिल्या नियमामुळे तर धडधाकट बोर्ड वाया जातात, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

पंख्यांना लागणारे १२ व्होल्ट २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधून येतात. प्रोसेसरचा वीजपुरवठा वेगळा असतो. तो बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातल्या ८ पिनांच्या कनेक्टरमधून येतो. कूलर बसवल्यावर तिथं हात जात नाही, त्यामुळे ती केबल हमखास राहून जाते. मग बहुतेक बोर्डांवर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन मात्र काळीच राहते. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबलही तशीच दिसते, पण तिच्या खाचा वेगळ्या असतात. जोर लावून ती तिथं बसवू नका.

केबल ठीक असेल तर मॉनिटरची वायर कुठं लावलीय ते बघा. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० या प्रोसेसरांत ग्राफिक्सच नाही. वायर मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावली तर चित्र कधीच येणार नाही, ती कार्डालाच लावायला हवी. त्यानंतर रॅम. चार स्लॉट असतील आणि दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. आजच्या बऱ्याच बोर्डांवर रॅम धरून ठेवणारी क्लिप एकाच टोकाला असते. त्या टोकाला ‘टक’ आवाज आला तरी दुसरं टोक अर्धवट वर राहू शकतं.

डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या मशीनवर, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो. त्यात काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी असते. घाबरून मध्येच बटण दाबलं की ते काम परत पहिल्यापासून सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांबा. शेवटची शक्यता बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातच भरलेल्या सॉफ्टवेअरची. दुकानात पडून असलेल्या इंटेलच्या बी६६० बोर्डावर १३व्या पिढीचा प्रोसेसर, किंवा एएमडीच्या जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० बसवला, तर बायोस अपडेट केल्याशिवाय बोर्ड त्याला ओळखत नाही. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं, म्हणजे बायोस अपडेट करायचं बटण असेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून ते काम घरीच होतं.

उद्यमनगरातला मिस्त्री इंजिन खोलण्याआधी तेल येतंय का, ठिणगी पडतेय का ते बघतो. इथंही तोच क्रम हवा. मेसेज मात्र थेट बोर्ड गेला म्हणून सांगतो, मग पोरं तो उचकटायला घेतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक १७०० पिना असतात. घाईत प्रोसेसर काढताना त्यातली एक जरी वाकली तरी ते ‘फिजिकल डॅमेज’ ठरतं आणि वॉरंटी नाकारली जाते. बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून किंवा ऑनलाइन मागवलेला असेल तर भांडायलाही समोर कोणी नसतं. बापाने पैसे साठवून घेऊन दिलेलं मशीन एका फॉरवर्डपायी असं बाद व्हावं, याचा मला मनापासून राग येतो.

आता क्लिपची चाचणी. हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस सुरू होतो, एवढंच त्यातून कळतं. लोड आल्यावर तो व्होल्टेज टिकवतो का, हे कळत नाही. उलट काही एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर मुद्दामच बंद राहतो, म्हणजे या नियमाने चांगला एसएमपीएसही खराब ठरेल. शिवाय हल्ली बऱ्याचदा सगळ्या वायरी काळ्या असतात. हिरवी शोधत भलत्याच पिनांत क्लिप घालू नका. एसएमपीएसच्या बाबतीत खरी जोखीम मेसेजमध्ये आलेलीच नाही. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. टोक बसलं तरी आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात हार्ड डिस्क, बोर्ड जळतात.

बीपचं म्हणाल तर नव्या बोर्डांसोबत बहुतेकदा स्पीकरच येत नाही, मग वाजणार काय? त्याऐवजी बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथं अडलंय. बूटचा दिवा राहिला तर आनंद माना, मशीन बहुधा ठीक आहे, फक्त विंडोज टाकायचं बाकी असेल.

खोडरबर हा जुन्या, हवेनं काळवंडलेल्या रॅमचा उपाय. पाकिटातून आत्ता काढलेल्या पट्टीवरचा सोन्याचा मुलामा घासून काही मिळत नाही.

झटक्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे, फक्त कारण चुकीचं दिलंय. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि टेस्टरही पेटतो. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे नवल नाही. पीसी खोलू नका, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तोवर मशीन वापरू नका.

एवढं बघूनही काही होत नसेल तर बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि दोन्ही पॉवर केबली एवढंच लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लागेल. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. इथं चालला तर दोष बटणाच्या वायरीत किंवा बोर्ड ज्यावर बसतो त्या, चुकीच्या जागी राहिलेल्या पितळी स्टँडमध्ये असू शकतो. इथंही नाही चालला तर आधी दुसऱ्या कोणाची रॅम आणि एसएमपीएस लावून बघा. मगच बोर्ड परत द्या, आणि देण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढून त्यावर प्लॅस्टिकची टोपी बसवा. ती नसेल तर बऱ्याच ठिकाणी बोर्ड घेतच नाहीत.