एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून नेलेल्या पुस्तकाने विरस झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. एन. के. जेमिसिन यांची ‘द ब्रोकन अर्थ’ ही तीन भागांची फँटसी कादंबरी-मालिका सगळ्यांना रुचत नाही, हे मान्यच आहे. पण ‘दुकानदाराने गळ्यात मारलं, पन्नास पानांत सोडून दिलं, तरी परत घेतलं नाही’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतंय.

‘तू उठतेस, तू चालतेस’ असं कुणी कादंबरी लिहितं का, असं तुम्ही विचारता. नायिका एसूनची प्रकरणं तशीच आहेत आणि सुरुवातीला ते भातातल्या खड्यासारखं लागतं, खरं आहे. त्यामागचं कारण मालिकेत पुढे उलगडतं, इथे सांगणार नाही. ओरोजीन (भूकंप थोपवू शकणारी माणसं), कॉम (वस्ती) असले शब्द अर्थ न सांगता अंगावर येतात, हेही खरं. म्हणूनच मागे शब्दसूची आहे आणि ती काउंटरवरच तुम्हाला उघडून दाखवली होती. सुरुवातीलाच बापाने पोटच्या तीनेक वर्षांच्या मुलाला मारल्याचं येतं, त्याची कल्पना दिली नाही म्हणता. ‘पहिलं प्रकरण जड जाईल’ असं म्हटलं होतं. याहून जास्त सांगितलं तर वाचायला काय उरणार?

‘ज्वालामुखीमुळे म्हणे वर्षानुवर्षं हिवाळा, काहीही!’ हे मात्र पटलं नाही. इंडोनेशियातल्या तांबोराचा १८१५ साली उद्रेक झाला आणि १८१६ साली युरोपात व अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा आलाच नाही. जूनमध्ये बर्फ पडलं, पिकं बुडाली. हे एका डोंगराने केलं. कादंबरीत तर अख्खा खंड दुभंगतो.

आणि मला ही मालिका आवडते ती त्या प्रलयासाठी नाहीच. भूकंप थोपवण्याची ताकद असलेल्या माणसांवरच तिथलं सगळं जग तगून आहे, आणि त्याच माणसांना लोक घाबरतात, शिव्या घालतात, लहानपणीच पकडून नेऊन ताब्यात ठेवतात. ती ताकदही फुकट मिळत नाही. भोवतालची उष्णता खेचली जाते, जमिनीवर बर्फाचं वर्तुळ उमटतं आणि त्या वर्तुळात जो सापडेल तो जागीच गोठतो. असं एक पान वाचलं की मी तरी पुस्तक खाली ठेवत नाही. दुसरा भाग रेंगाळतो, कथा बराच वेळ एकाच भूमिगत वस्तीत घुटमळते, हे मी गिऱ्हाइकांना आपणहून सांगतो. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं या तीन भागांना सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीतला मोठा पुरस्कार, मिळाला, त्याआधी असं कुणालाच जमलं नव्हतं; पण मधल्या भागाला मिळाला, ते मला अजून नीटसं पटलेलं नाही.

आता पन्नास पानांबद्दल. तुम्ही रिव्ह्यूच्या तिसऱ्याच ओळीत जे गुपित फोडलंय, ते पहिल्या भागाच्या अखेरीकडे उघड होतं. पन्नास पानांत सोडणाऱ्याला ते कसं कळलं? कुणाकडून ऐकलं असेल, असंही मी म्हटलं असतं. पण पुस्तक परत आलं तेव्हा कणा शेवटपर्यंत मोडलेला होता, शब्दसूचीत पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि शेवटच्या प्रकरणातल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. वाचू नये असं कोण म्हणतंय? उलट तुम्ही पूर्ण वाचलंत याचा आनंदच आहे. पण वाचून झालेलं पुस्तक पुढच्या माणसाला नवं म्हणून कसं विकायचं? आणि गळ्यात मारल्याचं म्हणाल, तर आधी एकच भाग घ्या असं आम्हीच सांगत होतो. मुखपृष्ठं जुळतात म्हणून तिन्ही एकदम तुम्हाला हवे होते. उरलेले दोन भाग न उघडलेले होते, ते आम्ही त्याच दिवशी एका शब्दाने न विचारता परत घेतले. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही.

अशा जड पुस्तकांवर सूचनेची चिठ्ठी लावायचा विचार आहे, परतीच्या नियमांचंही काहीतरी बघतो.

स्टार एकच राहू द्या. ती तिसरी ओळ तेवढी काढा. परवाच एका मुलीने पहिला भाग हातात घेतला, फोनवर रिव्ह्यू बघितले आणि ‘आता कळलंच की’ म्हणत पुस्तक जागेवर ठेवून दिलं.