डावीकडे आधी, उजवीकडे नंतर

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच फॉरवर्ड फिरला. प्लास्टिक सर्जरी केली म्हणून नट्यांचे जोडफोटो, डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’ आणि खाली मजकूर: ‘सगळ्या प्लास्टिकच्या बाहुल्या! फोटोच पुरावा. एकदा केलं की जन्माचं. सगळ्या लपवतात. श्रीदेवी त्यातच गेली.’ सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं चेहरेच बघतोय, म्हणून लिहायला बसलो.

‘फोटोच पुरावा.’ सगळी गोम इथंच आहे. परवा कुपवाडची एक मुलगी स्थळासाठी फोटो काढायला आली. मोबाइलवर हाच फॉरवर्ड दाखवून म्हणाली, “दादा, माझं नाक फताडं आहे. मिरजेत ऑपरेशनला किती घेतात?” हा निकाल तिनं सेल्फी बघून लावलेला. तिला पडद्यापुढं बसवलं. एक फोटो तिच्याच मोबाइलनं, हातभर अंतरावरून. दुसरा सहा फुटांवरून, कॅमेऱ्याच्या ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं. दोन्ही स्क्रीनवर शेजारी लावले. पहिल्यात नाक पुढं आलेलं, कान मागं दडलेले. दुसऱ्यात नाक आपल्या जागी, कानातले डूलही दिसतायत. झालं ऑपरेशन, भूल न देता! २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं: १२ इंचांवरच्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं.

त्यात रंगभूषा धरा. आमच्या भावे नाट्यमंदिरात विंगेमागं जाऊन बघा. नाकाच्या दोन्ही अंगांना गडद पट्टा, मधोमध उजळ रेघ, की बसकं नाक सरळ होतं. शिवाय ‘आधी’चा फोटो अठराव्या वर्षाचा, ‘नंतर’चा पस्तिसाव्या. मधल्या काळात गालांची चरबी उतरते, दात सरळ करून घेतलेले असतात. त्या जोड्यांतल्या दोघी-तिघींनी काही केलं असेलही. पण ते या फोटोंवरून कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

‘प्लास्टिकच्या.’ या शस्त्रक्रियेतलं ‘प्लास्टिक’ म्हणजे आकार देणं, मूळ ग्रीक. आपल्या बादल्यांचं प्लास्टिक पुष्कळ नंतरचं. आणि हे खूळ परदेशातून आलं म्हणणाऱ्यांसाठी: टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला नवं नाक मिळालं ते पुण्याजवळ. करणारा विटा पाडणाऱ्या जातीतला कारागीर. मेणाचं नाक बनवून ते कपाळावर सपाट पसरलं, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. १७९४ साली लंडनच्या मासिकात ही हकीकत छापून आली, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी ते वाचून शिकायला घेतलं.

‘एकदा केलं की जन्माचं.’ बोटॉक्स ही शस्त्रक्रियाच नाही, सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन आहे. तीन-चार महिन्यांत उतरतं. ओठांत भरतात ते फिलरही बहुतेक वेळा काही महिन्यांत विरतं.

‘सगळ्या लपवतात.’ श्रुती हासननं नाकाचं ऑपरेशन केल्याचं स्वतः सांगितलंय. प्रियांका चोप्रानं तर लिहूनच ठेवलंय, की नाकातला पॉलिप, म्हणजे आत वाढलेला मांसाचा कोंब, काढताना चूक झाली, नाकाचा उंचवटा खचला, मग दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. लोकांनी तिला ‘प्लास्टिक’ म्हणून चिडवलं ते त्याच काळात. हां, क्रीमच्या जाहिरातीत सगळं श्रेय डबीला देणाऱ्यांची वकिली मी करणार नाही.

राहता राहिली श्रीदेवी. २४ फेब्रुवारी २०१८ला ती दुबईत गेली. शुद्ध हरपून बाथटबमध्ये बुडाल्यानं मृत्यू, असं तिथल्या तपासात निघालं आणि प्रकरण मिटलं. गेलेल्या बाईच्या ओठांची चर्चा अजून मिटत नाही.

ग्रुपवर हा फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम माझ्याकडेच झाला. त्यात काकांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या मी काढल्या, दुहेरी हनुवटी एक केली. काकांनी तोच फोटो डीपीला ठेवलाय.